अनुभव धागा: पणजीचा जन्म कुठेच लिहिलेला नाही? शोध कसा घेतला ते इथे लिहा

सक्करदऱ्याची:
तान्हा पोळा आला. बाजारात लाकडी नंदीबैल मांडले की घराघरात एक वाक्य निघतंच, "आजी पोळ्याच्या करीची." साल कुणाला आठवत नाही. यंदाही ते कानावर पडलं, म्हणून धागा काढते आहे. त्या वाक्यात तिथी अख्खी आहे. पोळा श्रावण अमावास्येला, कर दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. शोधायचं राहतं ते फक्त साल.

"नोंदच नाही" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा नावानं नोंद नसते, एवढंच. मध्य प्रांतात (इंग्रजांच्या काळी आपलं नागपूर त्यातच) गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा आणि ठाण्यात कळवायचा. ही नोंद बारशाच्या आधीची, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस. पणजीचं नाव धरून कोतवाल पंजी, म्हणजे त्याची ही नोंदवही, चाळली तर काहीच सापडणार नाही. तिच्या बापाचं नाव धरा. आणि मौजा तिच्या माहेरचा घ्या, सासरचा नको.

जुना बस्ता:
फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. त्यात एक भर. पणजी तिच्या आईचं पहिलं मूल असेल तर तिचा जन्म आईच्या माहेरी झालेला असणार, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मग नोंद पणजीच्या बापाच्या गावात नाही, तिच्या आजोळच्या पंजीत. तिथे बापाच्या नावापुढे "रा." लिहून दुसरंच गाव दिसेल. लोक नेमकं ते पान उलटून पुढे जातात.

आता तहसील. आजचा तालुका सांगून बस्ता (जुन्या कागदांचं गाठोडं) मागू नका. १९०८ साली नागपूर जिल्ह्यात चारच तहसिली होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. कुही-भिवापूरचं जुनं ते उमरेडच्या नावानं, पारशिवनीचं रामटेकच्या, नरखेडचं काटोलच्या. अर्जात मौजा, पटवारी हलका (पटवाऱ्याकडच्या गावांचा गट) नंबर, जुनी तहसील आणि पाच वर्षांचा पट्टा द्या. एकच साल दिलं तर तेवढं पाहून "आढळ नाही" असा शेरा मारून देतात. खुर्द की बुद्रुक तेही लिहा.

धापेवाड्याची लेक:
तांदूळ निवडता निवडता लिहून राहिली, चुका समजून घ्या. पंजी तहसीलमध्ये मागायची की ठाण्यात? आमच्याकडे दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून राहिले.

जुना बस्ता:
आधी तहसीलचा अभिलेख कक्ष. नाही म्हणाले तर तसं लेखी घ्या, तोंडी नाही म्हटलेलं पुढे कामात येत नाही. मग माहिती अधिकारात नक्कल मागण्याऐवजी अभिलेखाची पाहणी मागा. आपलं माणूस बापाचं नाव ओळखतं, कारकुनाला ते ओळखू येईलच असं नाही.

विदर्भ_पोहा:
मौजा रिठी असेल तर? आमच्या कागदावर गावाच्या नावापुढे रिठी लिहिलंय.

जुना बस्ता:
रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. शेत तिथं, पण वस्ती शेजारच्या मौज्यात. जन्माची नोंद वस्तीच्या गावात पाहा.

शके १८४६:
तारखेचं माझ्याकडे द्या. शक असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. संवत असेल तर चैत्र ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६. म्हणून शके १८४६ म्हणजे १९२४-२५. आणि "छप्पन्नचा दुष्काळ" म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. हे छप्पन्न इसवीचं समजून लोक आजीला छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनी लहान करतात.

चूक होते ती महिन्यात. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी पट्ट्यातला पौर्णिमेला. मध्य प्रांतात दोन्ही रीती चालत. हिंदी पत्रिकेत आपला पोळा भाद्रपद अमावास्येला दिसेल. दिवस तोच, कृष्ण पक्षात महिन्याचं नाव मात्र एक पुढे. शुद्ध पक्षात दोन्हीकडे नाव सारखंच. पत्रिकेवर वार असतो, तो जुळला तरच तारीख पक्की धरा.

महालवाली:
मारबतीच्या (पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) दिवशी जन्मली असं सांगतात, ती वेगळी तारीख का?

शके १८४६:
नाही. तान्हा पोळा, मारबत आणि कर, तिन्ही एकाच दिवशी. पण "गणपती बसायच्या तीन दिवस आधी" असं कुणी सांगितलं तर अधिक महिना तपासा. अधिक भाद्रपद आला की पोळा आणि गणपतीत महिनाभराचं अंतर पडतं, २०१२ ला पडलं होतं.

महालवाली:
पिवळी मारबत यंदा आमच्या गल्लीवरून जाणार, या सगळे 🙏 पोरांचे बैल सजवायचे आहेत अजून. रंग कोणता लवकर वाळतो?

धापेवाड्याची लेक:
पोस्टर कलर घ्या ताई, तासाभरात वाळतो. ऑइल पेंटला रात्र जाते.

गुरुजींची वही:
शाळेवर कुणीच लिहिलं नाही. दाखल खारीज रजिस्टर (शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही) मागा, शाळा सोडल्याचा दाखला नको. दाखला ही नक्कल, तिच्यात पुढच्या चुका शिरतात. जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै दिसली तर ती गुरुजींनी अंदाजानं घातलेली समजा, दाखल करताना वय पुरं व्हावं म्हणून. मुली फारशा शाळेत जात नसत, म्हणून पणजीच्या भावांच्या नोंदी काढा. भाऊ जुळे नसतील, आई एकच असेल आणि तारखांत नऊ महिन्यांहून कमी अंतर निघालं तर त्यातली एक बहुधा खोटी. महसुलात फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नावातल्या बदलाच्या नोंदीलाही, दाखल खारीज म्हणतात, अर्जात "शाळेचे" हा शब्द घाला.

काटोल_संत्रा:
आमचा बस्ता वाळवीनं खाल्ला. पंजीची फक्त कातडी जिल्द उरली. आता काहीच रस्ता नाही का हो?

सक्करदऱ्याची:
वाचून वाईट वाटलं भाऊ. रस्ता आहे. जमिनीकडून या. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीची बंदोबस्ताची (जमीन-आकारणीची) मिसल, म्हणजे फाइल, पाहा. शब्द ओळखून ठेवा: वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, बाईच्या नावाआधी मु. म्हणजे मुसम्मात. आणि सगळ्यात कामाचं ते अ.पा.क., अज्ञान पालन कर्ता. १९३१ च्या फेरफारात पणजीचं किंवा तिच्या भावाचं नाव अ.पा.क. सह आलं तर ती व्यक्ती तेव्हा अठराच्या आत, म्हणजे जन्म १९१३ चा किंवा त्यानंतरचा. एक टोक असं बांधलं जातं.

दुसरं टोक घरच्या बोलण्यातून. मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ १९१८ च्या पावसाळ्याअखेर जोरात होती. "मानमोडीत नुकती चालायला लागली होती" आणि "करीची" ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल असतील तर जन्म १९१७ च्या पोळ्याच्या करीला पडतो. झेंडा सत्याग्रह १९२३, बाबासाहेबांची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, यांचाही असाच उपयोग करा. पण नुसतं "तेव्हा मोठी होती" नको, रांगत होती, परकर नेसत होती, लग्न झालेलं होतं, असं विचारा.

काटोल_संत्रा:
हाव ताई. अ.पा.क. म्हणजे आडनावाचं लघुरूप असंच समजून होतो आम्ही. उद्याच पाहतो.

कॅम्पटी रोड:
कामठीचं छावणीतलं कुटुंब असेल तर नगरपालिकेत जाऊ नका. छावणी मंडळाची नोंदवही वेगळी. ख्रिस्ती कुटुंब असेल तर बाप्तिस्म्याची वही. तिच्यात आईचं नाव असतं, कोतवाल पंजीत सहसा नसतं.

तुमसरकर:
आम्ही पोवार. वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या पोथीत पिढ्या मिळतात, पण मुख्यतः पुरुषांच्या. प्रयाग-गयेच्या पंड्यांकडे वही मूळ गाव आणि जातीवरून लागते, आडनावावरून शोधत बसू नका. वर्ष मिळतं ते यात्रेचं, जन्माचं नाही.

महालवाली:
मतदार यादी चालते का? आजीच्या नावाऐवजी "अमक्याची बायको" लिहिलेलं असायचं म्हणे.

गुरुजींची वही:
खरं आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही आणि ती नावं यादीतून काढली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात, आणि तिथेही हा प्रश्न होता. म्हणून आजी यादीत नाही यावरून ती त्या गावात नव्हती असं ठरवू नका.

दाखला_हवाय:
मला जात पडताळणीसाठी पाहिजे. पणजोबांचा जन्म दाखला आता उशिरा काढता येतो का?

जुना बस्ता:
त्या वाटेला जाऊ नका. उशिराच्या नोंदीला जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याचं कलम १३ आहे, पण तुमचं काम वेगळं. पडताळणीला जात आणि नातं लागतं, तेही ठरलेल्या तारखेआधीचं: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास १३ ऑक्टोबर १९६७. कोतवाल पंजीत जात लिहिलेली असते, म्हणून ती जड पडते. नक्कल प्रमाणितच घ्या. जन्माची नोंद मिळालीच नाही तर अनुपलब्धता प्रमाणपत्र, नमुना १०. मूळ नोंदीत कुणाला काही दुरुस्त करू देऊ नका, पडताळणी समितीचं दक्षता पथक शाई आणि अक्षर पाहतं.

धापेवाड्याची लेक:
आमची पंजी अर्धी मोडीत आहे.

शके १८४६:
पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूरच्या कार्यालयात विचारा, मोडी वाचणाऱ्यांची माहिती मिळेल. लिप्यंतर करून घेताना मूळ पानाचा फोटो सोबत जोडा. आणि आधी आकडे स्वतः शिका, एका दुपारचं काम आहे. तारखेचा रकाना वाचता आला की पन्नास पानांतली अठ्ठेचाळीस बाजूला काढता येतात, पैसे दोनच पानांचे लागतात.

धापेवाड्याची लेक:
बरं झालं सांगितलं. तांदूळ झाले, आता आकडे गिरवते.