प्रतिसाद: झेलमचा प्रसंग लिहिताना

प्रश्न असा आहे की अलेक्झांडर आणि पोरस यांच्यातल्या झेलम नदीकाठच्या लढाईपासून कादंबरी सुरू करायला प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क पुरेल का. नाही पुरणार. आपण इतिहास नव्हे, चरित्रं लिहितो आहोत, हे तो स्वतःच सांगतो. स्वभाव त्याच्याकडून घ्या. पाणी, अंतर आणि वेळ ग्रीक इतिहासकार आरियनच्या ‘अनाबेसिस’ या अलेक्झांडरच्या मोहिमांवरील ग्रंथाच्या पाचव्या भागातून घ्या.

तिथे काय ऐवज आहे बघा! सिंधूवरच्या होड्या कापून, लहानांचे दोन आणि तीस वल्ह्यांच्या मोठ्यांचे तीन तुकडे करून, गाड्यांवरून झेलमला आणल्या. अलेक्झांडरचा सेनापती क्रॅटेरस तळावर थांबला. अलेक्झांडर तिथून सुमारे 150 स्टेडिया (अंतराचं ग्रीक माप), म्हणजे 27 किलोमीटरच्या आसपास, दूर जाऊन वादळी रात्रीनंतर पहाटे नदी ओलांडू लागला. आणि तो उतरला तो किनारा नव्हताच, बेट होतं! पुढचा प्रवाह छातीभर पाण्यातून पार करावा लागला. घोड्यांची नुसती डोकी वर. कादंबरीचं पहिलं प्रकरण हेच असावं, असं मला ठामपणे वाटतं.

आरियनने मुख्यतः टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस या अलेक्झांडरसोबत मोहिमेवर असलेल्या दोघांचं लेखन वापरलं. पण तो लिहितो चारशेहून अधिक वर्षांनी, आणि टॉलेमी पुढे इजिप्तचा राजा झालेला. प्रतिस्पर्ध्यांना तो झुकतं माप देईल, ही अपेक्षा ठेवू नका. अलेक्झांडरचा इतिहास लिहिणाऱ्या रोमन लेखक कर्टियसची पहिली दोन पुस्तकं हरवली आहेत, त्यामुळे अलेक्झांडरच्या बालपणासाठी त्याचा उपयोग नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे रिकीब. इ.स.पू. 326 मध्ये मॅसिडोनियन स्वार रिकिबीशिवायच लढत. स्वाराला रिकिबीत उभं केलंत, तर सगळा प्रसंग खोटा पडेल.