घोरण्यासाठी दातांवर बसवायचं उपकरण: सवय कशी लावायची?

रातकिडा
बाबांना मध्यम स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) आहे, एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो तो आकडा, १९. सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क सहन होत नाही म्हणून दंतवैद्यांनी वर-खाली दोन ट्रे असलेलं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण करून दिलंय. दोन्ही बाजूंना स्क्रू आहेत, सोबत किल्ली. अडचणी अशा: लाळेने उशी भिजते, मध्यरात्री ते झोपेतच काढून ठेवतात, आणि सकाळी दाढा एकमेकींवर टेकत नाहीत, पोळी चावता येत नाही. किल्ली कधी आणि किती फिरवायची? घोरणं बरंच कमी झालंय, मग आणखी पुढे घ्यायची गरज आहे का?

दाढोबा
आधी किल्ली कपाटात ठेवून द्या. रात्रभर टिकेपर्यंत ती लागणार नाही.

झोपेत काढून टाकलं जातं तेव्हा बहुधा ट्रे कुठेतरी घट्ट असतो किंवा जबडा सुरुवातीलाच फार पुढे घेतलेला असतो. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे सरकतो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात सोसवते: ८ मिमी सरकत असेल तर ४ मिमी. काही जण ७० टक्क्यांवरच सुरू करतात, मग दुखणार नाही तर काय? दंतवैद्यांना सुरुवातीचा आकडा विचारा.

संध्याकाळी टीव्ही बघताना तासभर घालू द्या. घालून बोलावं, घोट घोट पाणी प्यावं. काही दिवसांनी झोपताना. ट्रे पाण्यात ओला करून बोटांनी दाबून बसवायचा, चावून नाही; चावून बसवला की तडा जातो. काढतानाही पुढून ओढायचं नाही, दोन्ही बाजूंनी दाढांपाशी बोटं घालून एकदम सोडवायचं.

लाळ ही तोंडात काहीतरी आलंय म्हणून सुटते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांची ओसरते. ओठ मिटलेले राहिले तर उशी भिजत नाही, आणि ओठ मिटायला नाक मोकळं हवं. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज करा.

एकच दात ठणकत असेल तर तिथे आतून दाब येतोय, ती जागा घासून घ्यावी लागते. घरी कानस चालवू नका. सगळेच दात सकाळी हुळहुळत असतील तर तो सवयीचा भाग.

मुळाकाठ
सकाळच्या चाव्याबद्दल. रात्रभर जबडा पुढे राहिल्याने त्याला पुढे ओढणारा स्नायू आखडलेला असतो, म्हणून दाढांमध्ये फट राहते. उपकरण काढल्यावर १०-१५ मिनिटं सकाळचा ठसा चावायचा. हा कडक तुकडा मूळच्या चाव्याच्या मापाने केलेला असतो आणि बहुतेक उपकरणांसोबत मिळतो. गालावर कोमट पाण्याचा शेक दिला तर लवकर सुटतं. अर्ध्या ते एका तासात दात जुळायला हवेत, नाश्ता त्यानंतर. दुपारपर्यंत जुळत नसतील आणि हे चार-पाच दिवस चाललं तर दंतवैद्य स्क्रू मागे घेतील.

ठसा चावायचा कंटाळा करू नये. वर्षानुवर्षांच्या वापराने वरचे पुढचे दात किंचित मागे आणि खालचे पुढे कलतात. हा बदल बराचसा कायमचा असतो. म्हणून सुरुवातीलाच दातांचे साचे किंवा फोटो काढून ठेवायचे आणि दरवर्षी ताडून बघायचे.

घोरपडे_नव्हे
किल्लीचं सोपं आहे. घोरणं थांबेपर्यंत रोज एक वळसा.

प्राणवायू
रोज नको, स्नायूंना उसंत मिळत नाही. ५ ते ७ दिवसांत पाव ते अर्धा मिमी पुरे. एका वळशाला किती मिमी हे उपकरणागणिक बदलतं. काहींत पाव मिमी, काहींत ०.१. माहितीपत्रक बघा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवायच्या आणि कॅलेंडरवर डावा-उजवा लिहून ठेवायचं. फरक पडला की जबडा तिरका धरला जातो आणि कानापुढचा एकच सांधा दुखतो. दुखलं तर एक पायरी मागे, आठवडाभर थांबा.

आणि घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया गेला असं धरू नका. घोरणं हा थरथरीचा आवाज आहे. तो बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो, ऑक्सिजन घसरत राहू शकतो. दिवसाची पेंग, सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीला उठणं कमी झालं की उपकरण घालूनच पुन्हा झोपेची तपासणी करा. घरी होणारी चालते. त्या रात्री स्क्रू कितव्या वळशावर होता हे अहवालावर लिहून घ्या. घड्याळातला ऑक्सिजन यासाठी पुरेसा नाही. एएचआयचा आकडा उतरला नाही तर नुसतं पुढे ढकलत राहू नका. काहींना कुशीवर झोपण्याची जोड लागते, काहींना सीपॅपच. तोवर पेंग येत असेल तर गाडी त्यांच्या हाती देऊ नका.

दाढोबा
राहिलेलं: रोज गार पाणी, मऊ ब्रश, साधा साबण. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने ट्रे वाकतो. वाळवून भोकं असलेल्या डबीत ठेवा. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, लाळेच्या वासाने ते हमखास चावतात. नवीन कॅप किंवा फिलिंग करायला जाताना उपकरण सोबत न्या, नाहीतर नंतर बसत नाही. सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही सांगा. घालणं-काढणंच अवघड होतं.

रातकिडा
डबीच्या तळाशी घोड्याच्या नालेसारखा पारदर्शक तुकडा आहे, दोन्ही बाजूंना दातांचे खळगे. ठसा म्हणजे तोच का?

मुळाकाठ
बहुधा तोच. पण आधी दुपारी, दात नीट जुळलेले असताना चावून बघायला सांगा. सगळे दात अलगद खळग्यांत बसले तर उद्या सकाळपासून वापरा. कुठे अडलं तर जोर लावू नका, दंतवैद्यांकडून तपासून घ्या.