९१ साली सोनं गहाण पडलं ते नक्की कशामुळे?

मीठभाकर: एमएच्या पुस्तकात १९९१ चं संकट एका ओळीत आटोपलंय: आखाती युद्ध, तेल महाग, परकी चलन संपलं. पण तेल काय फक्त आपल्यालाच महाग झालं होतं? मग उधारी आपलीच का बंद झाली?

पारावरचा: ऐंशीच्या दशकातली तूट आणि अल्पमुदतीची कर्जं बघा. युद्धावर खापर फोडणं सोपं असतं.

एलसीवाले काका: मी तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत आयातीच्या एलसी बघायचो, म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे मिळतीलच अशी बँकेची हमीपत्रं. पारावरचे, कर्ज होतंच, पण ते देणाऱ्यांनाही ठाऊक होतं की! मुदत संपली की तेच कर्ज फिरवून मिळायचं, त्यावर गाडा चालला होता. ते फिरवणं थांबलं. नोव्हेंबर १९९० ला व्ही. पी. सिंग गेले, चंद्रशेखर आले ते काँग्रेसच्या टेकूवर. जानेवारीत अमेरिकेच्या लष्करी विमानांनी मुंबईत इंधन भरलं आणि त्याच महिन्यात नाणेनिधीचे सुमारे १८० कोटी डॉलर आले. योगायोग म्हणा हवं तर. त्या इंधनावरून राजीव गांधी बिथरले. पूर्ण अर्थसंकल्प राहिलाच, मार्चमध्ये सरकारही गेलं. आता लंडनच्या बँकरनं सही करायची कोणाच्या भरवशावर? अनिवासी मंडळीही ठेवी काढून घेऊ लागली.

आमच्या टेबलावर हे कसं दिसायचं? रिझर्व्ह बँकेनं एलसीवर रोख मार्जिन आधी ५० टक्के लावलं, एप्रिलपर्यंत ते २०० झालं. लाखाचे सुटे भाग मागवायचे तर दोन लाख आधी भरा. भिवंडीचे एक यंत्रमागवाले रोज येऊन बाकावर बसायचे, चहा घ्यायचे आणि फाईल तशीच काखेत मारून परत जायचे.

मीठभाकर: सरकारवर भरवसा नव्हता, मग सोन्यावर पैसे कसे मिळाले?

एलसीवाले काका: सरकार पडलं म्हणून सोन्याचं वजन घटत नाही ना. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत यूबीएस या स्विस बँकेला गेलं, परत घेण्याच्या बोलीवर. जुलैत आणखी ४७ टन, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. त्यावर मिळाले साधारण ४० कोटी डॉलर. आणि सोनं मुंबईच्या तिजोरीत ठेवून कागदावर गहाण टाकलेलं त्यांना चालेना. देशाबाहेर आणून द्या म्हणाले. आम्ही तरी काय, गिऱ्हाईकाच्या बांगड्या त्याच्याच कपाटात ठेवून कधी कर्ज दिलं होतं?