फॅटी बोल्जरवरून रंगणारा वाद आणि खोळंबणारा डाव

प्रश्न
नमस्कार. आम्ही पाच जण महिन्यातून एकदा माझ्या घरी पटावरचे खेळ खेळायला जमतो. सध्या राइनर क्निझिया यांचा २००० साली आलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा खेळ चालू आहे, ज्यात सर्वांनी मिळून सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाविरुद्ध, त्याची अंगठी नष्ट करून जिंकायचे असते. दोघांनी टॉल्किन यांची मूळ कादंबरी अनेकदा वाचली आहे, दोघांनी केवळ चित्रपट पाहिले आहेत आणि एका मैत्रिणीला कथाच ठाऊक नाही. गेल्या वेळी मोरियाचा पट, म्हणजे प्रवासाचा एक टप्पा, संपल्यावर नियमानुसार अंगठी फॅटी बोल्जर या पात्राकडे गेली. मूळ कथेत तो अंगठीसोबत प्रवासाला न जाता क्रिकहॉलो या गावच्या घरीच मागे राहतो, त्यामुळे हे योग्य की अयोग्य यावर पाऊण तास चर्चा रंगली. तोवर ती मैत्रीण गप्प बसून राहिली आणि डाव अर्धवट सुटला. मला चर्चाही प्रिय आहे आणि मैत्रीणही. काय करावे?

प्रतिसाद १
पाचव्या खेळाडूलाही हॉबिटच (कथेतल्या बुटक्या जमातीतले पात्र) द्यायचा म्हणून फॅटीला प्रवासात घेतले असावे, असे मला वाटते. ज्याने त्या पटावर अंगठीची सर्वाधिक चिन्हे मिळवली त्याच्याकडे ती जाते, म्हणजे हे ओझे कोणाच्या वाट्याला येईल हे प्रत्येक डावात नव्याने ठरते. तेव्हा ‘कथेत असे नाही’ हा आक्षेप खरा असला तरी डाव थांबवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. आम्ही एक पथ्य पाळतो. पुढची घटना ठरवणारी टाइल उलटत असताना कथेविषयी एकच वाक्य बोलायचे आणि सविस्तर चर्चा दोन पटांच्या मध्ये, चहा होईपर्यंत करायची. शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या गुहेच्या पटावर तर सगळ्यांचे लक्ष पटावरच हवे, कारण अंगठीधारक सॉरॉनच्या तावडीत सापडला की सर्वांचाच डाव संपतो.

प्रतिसाद २
वेळेचे बंधन आम्हीही घालून पाहिले, पण त्याने जाणकार मंडळी हिरमुसली. माझ्या मते अडचण चर्चेच्या लांबीची नाही. दोन जाणकार एकमेकांशीच बोलतात आणि तिसऱ्याला त्यात शिरायला जागा उरत नाही, ही आहे. वाद घालण्याऐवजी त्या मैत्रिणीला गोष्ट सांगा. अंगठी घेऊन निघालेला नायक फ्रोडो अजून घरातच आहे असे भासावे म्हणून फॅटी मागे थांबला, आणि सॉरॉनचे काळे स्वार आले तेव्हा मागच्या दाराने निसटून त्याने शेजाऱ्यांना सावध केले. एवढे कळले तरी हातातल्या त्या पात्राविषयी आपुलकी वाटू लागते.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. फॅटी त्या दिवशी तिच्याच वाट्याला आला होता आणि त्याची ही हकिगत तिला कोणी सांगितलीच नाही, हे आता लक्षात आले. येत्या बैठकीत पट मांडण्यापूर्वी मी स्वतः ती सांगेन आणि अर्धा राहिलेला डाव अंगठी तिच्याकडेच ठेवून पुढे नेऊ.