‘बाय’ कुठे वापरायचा? ‘टिल’ आणि ‘विथ’शी गोंधळ होतो

खडूफळा:
बी-वाय ‘बाय’चे शब्दकोशातले अर्थ पाठ केले तरी वाक्यात चूक होतेच. ‘सोमवारपर्यंत’ला ‘बाय मंडे’ म्हणायचं की ‘टिल मंडे’? ‘सुरीने’ला ‘बाय अ नाइफ’ का चालत नाही? आणि ‘१० बाय १२’च्या खोलीत गुणाकार, तर ‘वन बाय टू’ सूपमध्ये भागाकार, हे कसं?

काना_मात्रा:
अर्थ पाठ करू नका, आपल्या ‘पर्यंत’कडे बघा. तो दोन कामं करतो. एखादं काम उशिरात उशिरा कधी उरकायचं हे सांगताना ‘बाय’ : ‘सबमिट द फॉर्म बाय मंडे’. शनिवारी दिलात तरी चालेल. काहीतरी सलग चालू राहणार असेल तर ‘टिल’ : ‘द ऑफिस इज क्लोज्ड टिल मंडे’. शंका आली तर ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा सोमवारपर्यंत फॉर्म द्या’ बसतं. ‘उशिरात उशिरा सोमवारपर्यंत ऑफिस बंद आहे’ कानाला खटकतं.
‘आय विल फिनिश इट टिल फ्रायडे’ ही आपली ठरलेली चूक. तिथे ‘बाय’च हवा. ‘बाय मंडे’त सोमवार सहसा धरतात, पण वाद नको असेल तर ‘बाय ५ पीएम ऑन मंडे’ लिहावं.

तिसरी_विभक्ती:
‘रामाने चाकूने आंबा कापला.’ दोन्हीकडे ‘ने’. इंग्रजीत मात्र ‘द मँगो वॉज कट बाय राम विथ अ नाइफ’. करणाऱ्याला ‘बाय’, हत्याराला ‘विथ’. हत्याराऐवजी कृती सांगायची असेल तर पुन्हा ‘बाय’ : ‘बाय प्रेसिंग धिस बटन’.
प्रवासात ‘बाय ट्रेन’, ‘बाय कार’. मध्ये ‘माय’ किंवा ‘द’ आला की ‘बाय’ जातो : ‘इन माय कार’, ‘ऑन द बस’. पायी जाणं ‘ऑन फूट’.
टक्क्यांत आपला ‘नी’ बरोबर जुळतो. २०,००० भाडं १० टक्क्यांनी वाढलं तर ‘बाय २,०००’ आणि ‘टू २२,०००’. भाडेकरारात ही अदलाबदल फार महागात पडते!

रफवही:
‘बाय’ स्वतः ना गुणतो ना भागतो. ‘मल्टिप्लाइड बाय’ आणि ‘डिव्हायडेड बाय’ दोन्हीत तो आहेच. सूपमध्ये ‘डिव्हायडेड’ गळून गेलाय एवढंच. १० बाय १२ ही नुसती दोन बाजूंची मापं. १२० चौरस फूट आपण काढतो.
जाता जाता : पोटनिवडणुकीच्या ‘बाय-इलेक्शन’मधला ‘बाय’ म्हणजे बाजूचा, दुय्यम. सोसायटीच्या ‘बायलॉज’मधला मात्र वेगळ्या घरचा. तो जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गाव’ या अर्थाच्या शब्दावरून आला. इंग्लंडातल्या व्हिटबी, डर्बी या नावांतला ‘बी’ तोच.

खडूफळा:
मग ‘बाय नाऊ’ म्हणजे ‘आतापर्यंत’च ना?

काना_मात्रा:
‘आतापर्यंत’ला ‘टिल नाऊ’ किंवा ‘सो फार’. ‘शी मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ’ म्हणजे ‘एव्हाना ती पोचली असेल’.