मदत हवी आहे: मठांच्या डोंगराळ प्रदेशाचा नकाशा जुळत नाही, परवा संपादकांना द्यायचा आहे

धुकंवाट (नागपूर)

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिली आहे, काल्पनिक जगातली. डोंगरांच्या रांगेत सात मठ, त्यांची एक नदी, असा प्रदेश. कथा संपादकांना आवडली, नकाशा मात्र परत आला. वर दोन शेरे: "नदी डोंगर ओलांडते कशी?" आणि "हे भिक्षू खातात काय?"

दोन रात्री झाल्या, खोडून खोडून काढून राहिलो, एक जुळवलं की दुसरं बिघडतं. मठ शिखरांवर आहेत. दुसऱ्या मठातून पाचव्या मठात निरोप तीन दिवसांत पोचला पाहिजे, कथेचा सगळा ताण त्यावर आहे. नदीचं काय करू, तेवढं सांगा. नकाशा जोडला आहे.

सह्यकडा

नकाशा दिसत नाही.

शिखरांवर मठ कशाला? आपल्याकडे बघा. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर, कार्ले-भाजे बोरघाटाच्या वाटेवर. व्यापारी जिथून जायचे तिथे दान मिळायचं, म्हणून विहारही तिथेच कोरले गेले. आधी घाटवाटा काढा, मग त्यांच्या तोंडाशी मठ ठेवा.

लेहवारी

सह्याद्रीत धो धो पाऊस पडतो, तिथलं उदाहरण इथे चालणार नाही. मी लडाख तीनदा आणि स्पिती दोनदा केलंय. स्पितीतला 'की' नावाचा मठ ४,१६६ मीटरवर आहे, पण शिखरावर नाही. दरीतल्या एका टेकाडावर आहे आणि खाली नदीकाठी शेतं आहेत. लडाखमधला फुगतालचा मठ तर कड्यातल्या गुहेच्या तोंडाशी आहे, कारण गुहेत झरा आहे.

लेहला जाणार असाल तर सप्टेंबर निवडा. पहिले दोन दिवस झोपून काढा, लगेच 'खार्दुंग ला' ही उंच खिंड गाठायला जाऊ नका.

धुकंवाट

लेहला जायचं नाही हो, परवा नकाशा द्यायचा आहे.

भूगोलबाई (निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

अरे बाळा, माहिती दिल्याशिवाय उत्तर कसं देणार? अक्षांश किती? समुद्र कोणत्या दिशेला? मठ किती उंचीवर? भिक्षू किती? साधारण दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. आपलं नागपूर ३१० मीटरवर. मे महिन्यात इथे ४५ अंश असताना ह्याच अक्षांशावर ४,३०० मीटरवर १९ च्या आसपास असेल. तुझा प्रदेश आणखी उत्तरेला असेल तर त्याहून थंड. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. जगातलं सर्वांत उंच कायम वस्तीचं गाव पेरूमधलं ला रिंकोनाडा, तेही सुमारे ५,१०० मीटरवर आणि सोन्याच्या खाणीपायी टिकलेलं. तेव्हा शिखरांचा हट्ट सोड.

शाईदौत

नकाशा जुना दिसायला हवा असेल तर कोऱ्या चहात कागद बुडवून सावलीत वाळवा. कडा मेणबत्तीने किंचित जाळा. छान रंग येतो.

मातीशी_नातं (काटोल)

भिक्षू किती ते सांगा भाऊ, मी हिशेब करून देतो.

धुकंवाट

एका मठात तीनशे. भिक्षा मागायची नाही असा त्यांचा नियम आहे. उंची चार हजार धरा. अक्षांश लडाखचा धरा.

मातीशी_नातं

बघा. एवढ्या उंचीवर भात नाही, ज्वारी नाही, जवच येणार. माणशी रोज अर्धा किलो धरला तर तीनशे जणांना वर्षाला ५५० क्विंटल लागतात. जुन्या पद्धतीने एकरी चार क्विंटल धरा, म्हणजे १३७ एकर. त्यात बियाणं नाही आणि कसणाऱ्यांच्या घरचं खाणं नाही. दोन्ही धरून अडीचशे एकर तरी ओलिताची जमीन एका मठामागे पाहिजे. तेवढी सपाट जागा दरीच्या तळालाच मिळते. मग जिथे पीक येतं तिथे कोणी मठ बांधत नाही, बाजूच्या नापीक खडकावर बांधतात.

लेहवारी

हेच तर मी म्हणालो होतो! आणि जव भाजून दळतात, त्सांपा म्हणतात त्याला, आपल्या सातूच्या पिठासारखं. लेहच्या उंचीला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. भाजलेलं पीठ चहात कालवलं की झालं. तुमच्या संपादकांच्या दुसऱ्या शेऱ्याचं उत्तर हेच.

सह्यकडा

पण जव विकत घेणारा, मीठ आणणारा, लोकर नेणारा कोणत्या वाटेने येणार? शेवटी खिंडच. माझा मुद्दा कायम आहे. शिवाय हिमालय सोडूनही मठांचे प्रदेश आहेतच. ग्रीसमध्ये अ‍ॅथोस द्वीपकल्पावर वीस मठ आहेत, तिथे समुद्रातून जावं लागतं. मेटेओराला खडकाच्या सुळक्यांवर मठ आहेत, माणसांना जाळ्यात बसवून दोराने वर ओढत असत.

सीताबर्डीकर

काल्पनिक जग आहे ना राजेहो? जादूने नदी चढवा की वर. एवढा घोळ कशाला?

भूगोलबाई

कथेत जादू असेल तर ती कथेत सांगितलेली असते. ह्याने सांगितलेली नाही. आणि बाळा, समुद्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

धुकंवाट

समुद्र उत्तरेला आहे, नकाशात उघडच दिसतो. नदी त्याच बाजूला उगम पावते, रांगेच्या उत्तरेला, आणि मठांजवळून दक्षिणेला जाते.

लेहवारी

नकाशा कोणालाच दिसत नाहीये! आम्ही सगळे दक्षिणेचा मान्सून धरून बसलोय.

भूगोलबाई

आता सगळं फिरलं. ढग उत्तरेकडून येणार, पाऊस आणि बर्फ रांगेच्या उत्तर बाजूला सांडणार. तिकडे जंगल, तिकडेच मोठ्या हिमनद्या, कारण सावलीही तिकडेच. दक्षिण बाजू पर्जन्यछायेत. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, तसंच धर. पण उत्तर गोलार्धात ऊन दक्षिण उतारालाच लागतं, तेव्हा मठ आणि शेतं तिथेच हवीत. ऊन आहे, पाणी नाही. ते पाणी तुझी नदीच आणणार.

आणि नदी डोंगर चढत नाही, ती डोंगराआधीची असते. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा ह्या तिन्ही हिमालयापलीकडे उगम पावतात आणि हिमालय कापून इकडे येतात. जमीन हळूहळू उचलली जात होती आणि नदी त्याच वेगाने कापत राहिली. म्हणून त्यांच्या घळी इतक्या खोल. तू फक्त खोल, अरुंद घळ दाखव आणि उत्तरेचं पठार घळीच्या तळापेक्षा उंच ठेव. एवढंच.

सह्यकडा

हे मान्य. पण एका नदीच्या खाली जाताना दोन नद्या झालेल्या दाखवू नका, नवे लोक हमखास तिथे चुकतात.

सीताबर्डीकर

होतात की! व्हेनेझुएलात ओरिनोकोचा एक फाटा कासिकियारे होऊन अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जातो.

सह्यकडा

ती सपाट प्रदेशातली गोष्ट आहे, घळीत तसं होत नाही.

लेहवारी

वाद नंतर घाला. तीन दिवसांचं सांगतो. लडाखमधली झंस्कार नदी अशाच घळीतून निम्मू गावाशी सिंधूला मिळते. ऐन थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, ती गोठते आणि लोक त्या बर्फावरून चालत जातात, त्याला चादर म्हणतात. उन्हाळ्यात घळीत पाणी उसळतं, तेव्हा खिंडीवरूनच जावं लागतं. तुमचा निरोप हिवाळ्यात घळीतून तीन दिवसांत पोचू दे. बर्फ फुटलं की परतीची वाट बंद, मग खिंड उघडेपर्यंत थांबणं आलं.

मातीशी_नातं

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. हिवाळ्यासाठी धान्य कुठे ठेवायचे, जनावरं कुठे न्यायचे, हे ते पुस्तकापेक्षा चांगलं सांगतील.

धुकंवाट

लेहवारी, बर्फ फुटण्याचं वाचून मी उठून बसलो. कथेत पाचव्या मठात पोचलेला मुलगा परत का येत नाही, ह्याचं कारण मला चार महिने सापडत नव्हतं. मी त्याला आजारी पाडलं होतं. आता तो अडकला आहे आणि समोर नदी वाहते आहे.

सगळे मठ दक्षिण उतारावर, शेतांच्या वरच्या खडकांवर आणले. शिखर सोडताना जड गेलं, पण मॅडमचं बरोबर आहे. मीठवाल्यांची खिंड सहाव्या मठाशी ठेवली, सह्यकडा. भिक्षेचा नियमही राहिला, कारण अडीचशे एकरांचं गाव आता प्रत्येक मठाखाली आहे.

एक राहिलं. बर्फ फुटण्याआधी चालणाऱ्याला काय कळतं? आवाज येतो का?

लेहवारी

येतो. पायाखालून. आणि कडेने पाणी वर येऊ लागतं, तेव्हा काठाचा खडक धरून चढायचं असतं. तुमच्या घळीत तशा दोन-तीन जागा ठेवा, गुहेसारख्या. आम्ही रात्री तशाच गुहांमध्ये राहिलो होतो.

धुकंवाट

ठेवतो. आज रात्री घळ परत काढतो, ह्या वेळी नकाशा नीट जोडेन.