कमी खर्चात फुललेली घरची बाग : आपले अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात माळ्यावरची अडगळ काढताना आईचे खुरपे हाती लागले. त्याची मूठ तुटलेली होती, पाते झिजून बोटभर उरले होते आणि खाचेत वाड्यातल्या परसातली माती अजून चिकटून होती. आईने बागेसाठी कधी पैसे खर्च केल्याचे मला आठवत नाही. डालड्याच्या डब्यात तुळस, फुटक्या घमेल्यात गवती चहा आणि मोरीच्या पाण्यावर कर्दळ एवढाच तिचा पसारा असे.

हे ठाऊक असूनही पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सदनिकेत आलो तेव्हा मी रोपवाटिकेतून एकदम चौदा कुंड्या आणल्या आणि अडीच हजार रुपये मोजले. पश्चिमेचे ऊन आणि पाणी घातले की विटेसारखी घट्ट होणारी लाल माती यांमुळे मे महिना संपेपर्यंत त्यांतल्या तीनच उरल्या. दुसऱ्या खेपेला विकतचे रोप घ्यायचेच नाही, असे ठरवले. रस्ता झाडणाऱ्या मावशींनी जाळण्यासाठी बाजूला काढलेल्या पाल्याची सहा पोती मागून घेतली. पोत्यांना भोके पाडली आणि आंबट ताक व गुळाचे पाणी शिंपडून दर आठवड्याला पाला खालीवर केला. चार महिन्यांनी सहा पोत्यांचे जेमतेम दीड पोते झाले, पण ते चहाच्या चोथ्यासारखे भुसभुशीत होते आणि त्यात मधूनच एखाद्या पिंपळपानाची जाळी तेवढी ओळखू येई. तेलाचे आठ रिकामे डबे 240 रुपये, शेणखत 150, निंबोळी पेंड 120 आणि बियाणे 90, असा एकूण खर्च 600 रुपये झाला. धने चोळून, पुदिन्याचे उरलेले देठ खोचून आणि नासलेला टोमॅटो मातीत दाबून आमची गॅलरी हिरवी झाली. डबे मात्र दोन वर्षांत गंजले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपण थोडक्या पैशांत काय केले आणि कुठे फसलात, ते अवश्य लिहावे.

डोंबिवलीहून

आमची बाग म्हणजे खिडकीची जाळी. तीत पाण्याच्या पाच लिटरच्या कापलेल्या बाटल्या आडव्या टांगून मेथी आणि पालक लावतो. खर्च काहीच होत नाही, पण पारव्यांनी पुरते हैराण केले आहे. मागच्या वर्षी वांग्याच्या रोपाला खेटून दोन अंडी निघाली, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत महिनाभर घरातल्या कोणालाही त्या वांग्याला हात लावायची परवानगी नव्हती. आता मातीत खराट्याच्या काड्या टोके वर करून दाटीने खोचतो, त्यामुळे पारवे बसत नाहीत.

ठाण्याहून

काड्यांचा उपाय आजच करून पाहते. आम्ही चकाकणाऱ्या जुन्या सीड्या टांगल्या होत्या, तर आमचे पारवे त्यांत तोंड पाहून जातात.

रत्नागिरीहून

आमचे घर कातळावर असल्यामुळे खणायला गेले की पहार नुसती वाजते. जमीन खाली मिळेना म्हणून ती वर रचली. बांधकामातून उरलेले चिरे मांडून दोन चिऱ्यांच्या उंचीची चौकट केली, तीत पातेरा, शेण आणि भाताचा तूस यांचे थर दिले आणि वर चार घमेली माती पसरली. मृगावर दोडकी आणि पडवळ लावले, काठ्या व सुंभ यांचा मांडव केला. न्हाणीचे पाणी पाटाने वळवून अळू आणि केळ लावली. श्रावणात भाजीवाल्याची वाट पाहावी लागत नाही.

पावसात गोगलगायी रात्री कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडतात, तेव्हा बॅटरी घेऊन त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, एवढाच बिनखर्चाचा मार्ग आहे. वानरांपुढे मात्र आम्ही हात टेकले. एका सकाळी सात जणांच्या टोळीने पडवळाचा मांडव झोपाळ्यासारखा वापरून खाली आणला, म्हणून आता हळद, सुरण आणि अळू यांवरच भर ठेवला आहे. अळवाची खाज त्यांनाही ठाऊक असावी.

लातूरहून

ताक आणि न्हाणीचे पाणी यांचे वर्णन वाचून हेवा वाटला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पाणी आले, त्या उन्हाळ्यात अंगणातली सगळी फुलझाडे गेली, फक्त कोरफड आणि शेवगा तगले. त्यानंतर बाग पुन्हा उभी केली ती मडक्यांवर. उन्हाळा सरताना कुंभाराकडे उरलेली साधी, न रंगवलेली मडकी स्वस्तात मिळतात. ती गळ्यापर्यंत पुरायची, भरायची आणि वर पणती झाकायची. पाणी मडक्यातून हळूहळू झिरपते, मुळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि आठवड्यातून दोनदा भरले तरी भागते.

एक चूक सांगतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये, या हौसेने मी ते वर्षभर कुंड्यांना घातले. आमचे बोअरचे पाणी आधीच जड आणि या पाण्यात क्षार त्याहून जास्त. पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या तपकिरी झाल्या आणि मातीवर पांढरी खपली धरली. आता त्या पाण्याने फक्त फरशी पुसतो.

नाशिकहून

गच्चीवर वाफे करणाऱ्यांनी वजनाचा आणि गळतीचा विचार आधी करावा. मी पैसे वाचवण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरून थेट गच्चीवरच फूटभर माती टाकली होती. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली आणि जलरोधक थर पुन्हा घालण्यात वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम गेली. ओली माती अतिशय जड असते. त्यामुळे आता निम्म्याहून अधिक पाला-खत घालून पिशव्या भरतो आणि त्या विटांवर उचलून ठेवतो, म्हणजे खालून पाणी वाहून जाते आणि फरशी सुकते. शेजाऱ्यांशी संबंध अजूनही टोमॅटो पाठवूनच सांभाळावे लागतात.

न्यू जर्सीहून

इथे मेच्या मध्यापर्यंत रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीचा भरवसा नसतो, त्यामुळे मिरचीची रोपे तोवर खिडकीत वाढवतो. कुंड्या महाग म्हणून बेकरीतून मोकळ्या झालेल्या मोठ्या बादल्या मागून आणतो आणि तळाला भोके पाडतो. आमच्या गावात पानगळीचे खत रहिवाशांना फुकट मिळते. कढीपत्ता ऑक्टोबरात घरात घ्यावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात त्याची सगळी पाने गळली, तेव्हा तो मेला असे समजून मी फेकून दिला. दुसरा तसाच बोडका झाला, पण बायकोने फेकू दिला नाही. पाणी अगदी कमी केले, आणि एप्रिलमध्ये शेंड्याला तांबूस कोंब दिसला.

धागाकर्ती

नाशिककरांचे वाचून आमच्या डब्यांखालीही आज विटा सरकवल्या. खुरप्याला 40 रुपयांत नवी मूठ बसवून घेतली आहे, ती वरच्या हिशेबात धरावी.

ठाण्याहून

गवती चहाचा ठोंब कोणाकडे जास्तीचा असल्यास कळवावे, मी रविवारी पुण्यात येणार आहे. बदल्यात अळूचे कंद देईन, ते खाजरे नाहीत.